गोळ्यासकट फ्थूम

मोठ्यानं सांगते, खिडक्या उघड्या ठेवून सांगते: ह्या गोष्टीतला शब्दन्‌शब्द खरा आहे. काना, मात्रा, वेलांटीसकट खरा. खोटा निघाला तर माझा चहा जन्मभर गार होवो आणि माझा चष्मा रोज नव्या जागी हरवो. हसायचं ते नंतर हसा, आधी ऐका.

एक होत्या आवाजबाई. पोटापाण्यासाठी त्या आवाज द्यायच्या. मोठ्या इमारतीत लिफ्टमध्ये शिरलं, की जी बाई साखरेत घोळवून सांगते, “दरवाजा बंद होत आहे,” ती म्हणजे ह्या. बँकेत फोन लावला, की “आपण रांगेत आहात, कृपया प्रतीक्षा करा” म्हणत जी माणसाचा अर्धा दिवस खाते, तीही ह्याच. आवाज कसा? धुऊन, वाळवून, घडी घालून कपाटात ठेवल्यासारखा. घरातही तोच. चिरंजीव आणि सूनबाई यांचं जरा वाजलं, की आवाजबाई स्वयंपाकघरातून नुसतं म्हणायच्या, “दरवाजा बंद होत आहे.” दोघं मुकाट्यानं खोलीत जायची आणि दार लावून भांडायची.

सूनबाई क्रेन चालवायची. गाडीवरची नव्हे, ती बगळ्यासारखी एका पायावर उभी असते ना, आभाळात चोच खुपसून, ती. अंगानं एवढीशी, हेल्मेट घातलं की पेन्सिलीला टोपण लावल्यासारखी दिसायची. मूर्ती लहान, पण लोखंडाची तुळई अशी अलगद ठेवायची, की खालच्या माणसाच्या विडीची राख पडू नये.

सासू-सुनेचं भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं. भांडणाऱ्या माणसांचं निदान बोलणं तरी होतं. इथे नुसतं “आई, चहा ठेवू का?” आणि “ठेव, आलं घाल.” आपल्याला ही बया घाबरते की कंटाळते, हे आवाजबाईंना कळायचं नाही. एक दिवस कळलं. सूनबाई गच्चीत मैत्रिणीशी फोनवर बोलत होती.

“काय सांगू तुला! लिफ्टमध्ये शिरले की सासू, बँकेत फोन केला की सासू, घरी आले की सासू! एक क्रेनची केबिन तेवढी उरलीय बघ. शिडीनं चढावं लागतं ना, म्हणून.”

आवाजबाई वाळलेले कपडे काढायला आल्या होत्या. पावलं न वाजवता परत फिरल्या. हसल्यासुद्धा. पण त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

आता आवाजबाईंची दोन गुपितं होती, आणि दोन्ही एकमेकांच्या शेपटीला बांधलेली. एक ओढलं की दुसरं फरफटत बाहेर येणार. पहिलं गुपित असं, की त्यांच्या तोंडातली वरची सगळी पंगत पाहुणी होती. कवळी. ती धुवायची ती न्हाणीघराला कडी लावून, नळ मोठा सोडून. चिरंजिवांनासुद्धा ठाऊक नव्हतं. दातांच्या डॉक्टरनं अशी घट्ट बसवून दिली होती, की म्हणाला, “मावशी, खोबरं खा, ऊस सोला, हातोडी मारा. ही तुमच्या मर्जीशिवाय बाहेर येणार नाही.”

दुसरं गुपित सांगायला जरा मागे जावं लागेल. चिरंजीव रांगत होते तेव्हाची गोष्ट. आवाजबाई सायकलवरून पडल्या आणि समोरचे चार दात रस्त्याला देऊन आल्या. डॉक्टरनं तात्पुरती पट्टी बसवली, तीही सैल. त्याच आठवड्यात काम आलं: मुलांचं एक कार्टून आपल्या भाषेत करायचं होतं. ‘चादरवाल्या’. पाहिलंच असेल तुम्ही. ज्यांच्या घरी टीव्ही नव्हता, त्यांनी शेजाऱ्यांच्या दारात उभं राहून पाहिलंय.

तीन चिमुरड्या, धोबीखान्याच्या माळ्यावर राहणाऱ्या. मूळ भाषेत त्या नुसत्याच नात्यातल्या होत्या. आपल्याकडे तसं चालतं का? आतेबहीण की मामेबहीण, चुलत की मावस, हे ठरल्याशिवाय आपल्या जिभेला बोलताच येत नाही. स्टुडिओत त्यावरून अर्धा दिवस वाद झाला. शेवटी ढोबळी आणि ठिणगी सख्ख्या, आणि धाकटी लवंगी त्यांची मामेबहीण, असं ठरलं. तिघी वाळत घातलेल्या चादरी खांद्याला बांधून उडायच्या आणि इस्त्रीराक्षसाशी लढायच्या. ह्या राक्षसाला जगातली प्रत्येक सुरकुती सपाट करायची होती. डोंगर, म्हाताऱ्यांचे गाल, समुद्राच्या लाटा, सगळं कडक परीटघडी.

लवंगी पिवळ्या चादरीची. सगळ्यात लहान, आणि गंमत म्हणजे तिला उंचीची भीती! उडणारी पोरगी, आणि उंचीची भीती. दर वेळी छपराच्या कडेला उभी राहून ती थरथरायची. “माझ्या पोटात गोळा आलाय.” बहिणी म्हणायच्या, “येऊ दे! गोळ्यासकट उड!” मग लवंगी डोळे मिटून ओरडायची, “धूम!” आणि सुटायची.

म्हणजे कागदावर “धूम” होतं. आवाजबाईंनी माईकसमोर छाती भरून श्वास घेतला, ओरडल्या, आणि तोंडातली पट्टी उडाली! उडाली ती थेट काचेवर जाऊन आपटली. काचेमागे बसलेला रेकॉर्डिंगवाला खुर्चीसकट मागे पडला. यंत्राचा काटा असा उडाला, की परत जागेवर यायला त्याला दुसरा दिवस उजाडला. काचेवर चार दातांची खूण आहे अजून, जाऊन बघा. आणि आवाज निघाला तो “धूम” नव्हताच. दातांच्या खिंडीतून वारा, शिट्टी आणि थुंकी एकदम निसटावी तसा: “फ्थूम!”

“परत करू या,” आवाजबाई तोंडावर हात धरून म्हणाल्या.

“परत?” रेकॉर्डिंगवाला जमिनीवरूनच ओरडला. “ह्याच्यापुढे परत काय करायचं? पट्टी खिशात ठेवा. पुढचा भाग घेऊ!”

असं ते “फ्थूम” हवेवर गेलं, आणि पोरांनी उचललं. जिने उतरताना फ्थूम, झोका घेताना फ्थूम, इंजेक्शन घेताना फ्थूम. दात पडलेल्या पोरांना तर काय, सोन्याचे दिवस आले. ज्यांचे शाबूत होते ती बिचारी जिभेनं हलवून बघायची. लवंगीचा आवाज कुणाचा, हे मात्र कुणाला कळलं नाही. सांगायचं तर दातांचं सांगावं लागलं असतं! यजमानांना ठाऊक होतं, पण ते गुपित पोटात घेऊनच देवाघरी गेले. उरला रेकॉर्डिंगवाला. तो वाईट बातमीसारखा अवचित फोन करायचा: “काय लवंगी, दात काय म्हणतात?” आणि आवाजबाई लिफ्टच्या आवाजात म्हणायच्या, “आपण चुकीचा क्रमांक लावला आहे.”

एका रविवारी सकाळी विहीणबाई आल्या. सूनबाईची आई. बाई मनानं वाईट नव्हती, पण तिच्या तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात स्वतःचे होते आणि ते तिला विसरता येत नव्हते. अक्रोड फोडायला कुणी अडकित्ता पुढे केला, तर म्हणायची, “असू दे हो,” आणि कड्‌कन दातांनी फोडायची. मग टरफल ताटलीत असं ठेवायची, जसं काही पदक.

सूनबाई टीव्हीसमोर मांडी घालून, पिवळा कप हातात घेऊन बसली होती. ‘चादरवाल्या’ नव्यानं येणार होतं, नवी चित्रं, नवे आवाज. सकाळपासून तिनं दोनदा केस विंचरले होते, जणू कुणी तिला बघायला येणार आहे.

सुरू झालं. लवंगी छपराच्या कडेला आली. ना थरथर, ना गोळा. एका गोड गळ्याच्या मुलीनं घंटीसारखं म्हटलं, “धूम!” आणि लवंगी उडाली.

सूनबाईनं टीव्ही बंद केला.

“काय गं, काय झालं?” चिरंजिवांनी विचारलं.

“ती लवंगी नाहीये.”

“अगं, तीच आहे की. पिवळी चादर.”

“चादर आहे. लवंगी नाहीये.” तिनं रिमोट पालथा ठेवला. “घाबरलीच नाही ती.”

“घोडी झालीस तरी कार्टून सुटत नाही,” विहीणबाई म्हणाल्या. “लहानपणी पण हेच. जिना चढायची नाही, जत्रेतल्या पाळण्यात बसायची नाही. एवढीशी होती वर्गात. आणि दिवसभर आपलं ते थूऽ थूऽ.”

“फ्थूम,” सूनबाई म्हणाली. “आई, अगं, बाकीचे हीरो असतात ना, त्यांना भीतीच वाटत नाही. मग त्यांचं काय कौतुक? लवंगीला वाटायची. तरी जायची. मी पहिल्यांदा क्रेनवर चढले, तेव्हा काय म्हणून चढले असेन? देवाचं नाव घेऊन? दर पायरीला फ्थूम म्हणून. अजून म्हणते. मनात. आमच्या यार्डातल्या सगळ्या म्हणतात. वेल्डिंगवाली तर मोठ्यानं म्हणते.” तिनं कपावरून बोट फिरवलं. “कुठे असेल ती बाई? जिनं तो आवाज दिला. एकदा भेटली तर पाया पडेन मी तिच्या.”

आवाजबाई दारात उभ्या होत्या, हातात अक्रोडांचा वाडगा. त्यांच्या पोटातलं गुपित असं उसळलं, की वाडग्यातले अक्रोड वाजायला लागले. ओठ उघडले. मी गं, म्हणायचं, बास. दोनच शब्द. मी गं.

तेवढ्यात विहीणबाईंनी कड्‌कन अक्रोड फोडला. “ती बोबडी? तिच्या तोंडात दात नसणार, मी तेव्हाच म्हणाले होते. कवळीवाली असणार कुणीतरी. आमच्याकडे नाही हो कुणाला कवळी. आमची आजी गेली ती ऊस खाताना.”

आवाजबाईंचे ओठ मिटले. दरवाजा बंद होत आहे.

त्यानंतर काही दिवसांनी सूनबाईच्या साइटवर शेवटची तुळई चढायची होती. कंपनीनं घरच्यांना बघायला बोलावलं. चिरंजीव आले, विहीणबाई ठेवणीतली साडी नेसून आल्या, आवाजबाई मागून आल्या. सगळ्यांच्या डोक्याला हेल्मेट. विहीणबाई तर त्यात भांड्यावर झाकण ठेवल्यासारख्या दिसत होत्या.

तुळई चढली. सूनबाईनं अशी ठेवली, की वर बसलेल्या कबुतरानं पायसुद्धा उचलला नाही. खाली टाळ्या पडल्या. मग ती केबिनमधून निघून शिडीनं उतरायला लागली, आणि वारा उठला.

वारा म्हणजे कसा? सुपरवायझरची मिशी डावीकडची उजवीकडे गेली. क्रेनचा लांब हात आपोआप वाऱ्याच्या दिशेला वळला, वळताना सगळा मनोरा कुरकुरला, हलला, आणि सूनबाईचा पाय सटकला. पट्टा अंगाला होता. पडली नाही, लोंबकळली, पुन्हा शिडी धरली. पण धरली ती धरलीच. शिडीला मिठी मारून, डोळे मिटून, तिथेच. पट्टा अंगाला असतो हो, मनाला कुठे असतो?

सुपरवायझरनं वॉकीटॉकी तोंडाशी नेली. “मॅडम, ठीक आहात ना? वारा पडलाय आता. उतरा सावकाश.”

खर्रर्र. मग बारीक आवाज. “हलता येत नाहीये.”

“दोन माणसं वर पाठवतो. दोरानं बांधून आणतील.”

“नको!” वॉकीटॉकी किंचाळली. “गोणीसारखी नका उतरवू मला. तशी उतरले तर परत कधी चढणार नाही. मला माहीत आहे. जरा थांबा. प्लीज.”

चिरंजिवांनी वॉकीटॉकी घेतली. “घाबरू नकोस!” आता घाबरलेल्या माणसाला घाबरू नकोस सांगणं म्हणजे भिजलेल्याला भिजू नकोस सांगणं. वरून हुंदका आला.

विहीणबाईंनी ओढून घेतली. “बाळा, खाली मात्र बघू नकोस हं!” झालं. बाळानं खाली बघितलं. वॉकीटॉकीतून नुसते दात वाजल्याचा आवाज यायला लागला.

सुपरवायझरनं दोन माणसांना खूण केली. त्यांनी दोर खांद्याला घेतला. आणि तेवढ्यात वॉकीटॉकीतून, कुणाला उद्देशून नव्हे, नुसतंच आपल्याशी, पुटपुटणं ऐकू आलं.

“माझ्या पोटात गोळा आलाय.”

खाली उभ्या असलेल्या सगळ्या माणसांत ह्यापुढचं वाक्य कुणाचं, हे एकट्या आवाजबाईंना कळलं. त्यांनी पुढे होऊन वॉकीटॉकी घेतली. मागितली नाही, घेतली. आणि लिफ्टचा आवाज कपाटात ठेवून, खालच्या कप्प्यातला जुना आवाज काढला. झुरळासारखा चपळ, चिंचेसारखा आंबट, पोरीचा आवाज.

“येऊ दे. माझ्यापण पोटात आलाय. गोळ्यासकट चल.”

चिरंजिवांनी आईकडे वळून बघितलं, मग मागे कुणी पोर उभं आहे का ते बघितलं.

“कोण?” वॉकीटॉकी म्हणाली.

“लवंगी.”

“खोटं. म्हणून दाखव.”

आवाजबाईंनी श्वास भरला. “धूम!”

स्वच्छ. खणखणीत. कवळीच्या पंगतीवरून घरंगळत आलेला, एकही शिट्टी नसलेला धूम.

“ती नवीनवाली आहेस तू,” वरचा आवाज रडायला लागला. “नको मला. नको.”

दोराची माणसं शिडीशी पोचली होती. आवाजबाईंनी पुन्हा श्वास घेतला, असा घेतला, की साइटवरची अर्धी धूळ आत गेली, आणि ओरडल्या. आणि काय सांगू! वरची कवळी तोंडातून सुटली ती गोफणीतल्या दगडासारखी, विहीणबाईंच्या हेल्मेटला टाळी देऊन, सुपरवायझरच्या मिशीखालून, थेट ओल्या काँक्रीटमध्ये! बुडुक! आणि मागोमाग तो आवाज:

“फ्थूऽऽम!”

काँक्रीटचं फिरतं पिंप थांबलं. कबुतरं पंख मारायची विसरली आणि तशीच तरंगत राहिली. दूर रस्त्यावरच्या गाड्यांनी आपोआप ब्रेक लावले.

वॉकीटॉकी खरखरली. मग वरून विचारणा झाली, हळूच.

“लवंगी?”

“हं.”

“परत म्हण.”

“फ्थूम.”

वरचा एक बूट हलला. एक पायरी खाली आला.

“परत.”

“फ्थूम!”

दुसरी पायरी. मग वेल्डिंगवालीनं सूर लावला. मग गवंडी, मग सळ्या बांधणारे, चाळिशीतले, मिशीवाले, पोटं सुटलेले बाप्ये, लहानपणी शेजाऱ्यांच्या दारात उभं राहून टीव्ही बघितलेले. फ्थूम! पायरी. फ्थूम! पायरी. सुपरवायझरसुद्धा. त्याला मिशीमुळे नीट जमेना, तरी. दोराच्या माणसांनी दोर खाली ठेवला आणि तेही.

सूनबाईचा पाय जमिनीला लागला तेव्हा साइटवर थुंकीचा हलका पाऊस पडून गेला होता. ती सरळ चालत आली, गर्दीतून, वॉकीटॉकी धरलेल्या हातापर्यंत. आवाजबाईंनी पदर तोंडाला लावला होता.

“आई?”

पदर हलला नाही.

“तुम्ही?”

“हं,” पदराआडून.

“लिफ्टमध्ये पण तुम्ही... आणि चादरीत पण तुम्ही?”

“फांग्नार होते ग तुला,” आवाजबाई म्हणाल्या. सांगणार होते, असं म्हणायचं होतं त्यांना.

सूनबाईनं हेल्मेट काढलं आणि वाकायला लागली. आवाजबाईंनी तिला अर्ध्यावर धरलं. “पाया बिया नको. घरी चल. चहा ठेव.”

“आलं घालून?”

“आलं घालून.”

आणि मग ती हसायला लागली, सूनबाई. पोट धरून. आवाजबाईंचा पदर सुटला, त्याही हसायला लागल्या, अख्खी साइट बघत असताना, वरची हिरडी उघडी टाकून.

दुसऱ्या दिवशी सूनबाई क्रेनवर चढली. वारा होता. पोटात गोळाही होता, ती म्हणाली. अर्ध्या शिडीवर तिनं वॉकीटॉकीवर कुणाला तरी काही म्हटलं आणि ती तशीच वर गेली. रेकॉर्डिंगवाल्याचा फोन आला तेव्हा आवाजबाई पहिल्यांदा म्हणाल्या, “बोला. दात बरे आहेत.” विहीणबाई पुढच्या रविवारी आल्या त्या फोडलेले अक्रोड घेऊन, बारीक तुकडे करून. स्वतःच्या दातांनी फोडलेले होते म्हणून आवाजबाईंनी खाल्ले नाहीत, पण वाडगा ठेवून घेतला. आणि ती इमारत उभी आहे अजून. तळमजल्यावरच्या एका खांबाला हात लावला, की तो खांब हसल्यासारखा वाटतो.

आता असं बघू नका माझ्याकडे. शपथ घेतलीय ना मी? कबुतरं तरंगली, ते खरं. यंत्राचा काटा खरा. मिशी डावीकडची उजवीकडे गेली, तेही खरं.

बरं बाई, बरं. एक गोष्ट मी घातली पदरची. एकच. चहा गार झाला तर होऊ दे.

कवळी उडाली नाही. कशी उडेल? डॉक्टर म्हणाला नव्हता, हातोडी मारा म्हणून? ती कुठल्या काँक्रीटमध्ये पडली नाही की कुणाच्या हेल्मेटला लागली नाही. तो “धूम” म्हणून झाला, वरून पोरगी रडायला लागली, दोराची माणसं शिडीशी पोचली, तेव्हा आवाजबाईंनी वॉकीटॉकी खाली केली. सगळ्या साइटनं बघितलं. मुलानं बघितलं. मग त्यांनी तोंडात दोन बोटं घातली, स्वतःच्या मर्जीनं, कवळी काढली, आणि शेजारी विहीणबाई होत्या, त्यांच्यापुढे केली.

“धरा,” म्हणाल्या.

आणि विहीणबाईंनी धरली. शेवटची पायरी उतरेपर्यंत, दोन्ही हातांनी.